पार्वताबाईचा पेला

अमरावती,
५ सप्टेंबर २०२४

प्रिय नागसेन,
जय भीम.

परवा मी तुझ्याशी फोनवर चांगला पंधरा मिनिटं बोललो आणि शेवटी तू विचारलंस, "कोण बोलून राहिलं?" तुझ्या कानाच्या मशीनवर माझा भरोसा उरलेला नाही. म्हणून पुन्हा कागद घेतला. आमचा पोस्टमन म्हणतो, सर, या गल्लीत हाताने लिहिलेलं पत्र फक्त तुमच्याच घरी येतं.

आज शिक्षकदिन. सकाळपासून जुने विद्यार्थी येत होते. सर, सर, सर. प्रत्येकाला आशीर्वाद द्यायचा, प्रत्येकाच्या मुलाची टक्केवारी ऐकायची. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी या गावात मी भूगोलाचा सरच आहे. भाजी घ्यायला गेलो तरी कोणीतरी पिशवी हातातून ओढून घेतं. संध्याकाळी जीव कंटाळला आणि मी, हसू नको, राजापेठेत एका बारमध्ये जाऊन बसलो. 'चौकट' नाव आहे. नागपूरला, यवतमाळला याच नावाचे आहेत म्हणे. सगळीकडे तीच पाटी, त्याच खुर्च्या, तोच मेनू आणि भाव दारातच फळ्यावर लिहिलेला. स्वस्त आहे. मी एक मग बिअर घेतली आणि शेंगदाणा मसाला. दोन तास बसलो. कोणी विचारलं नाही की सर, तुम्ही इथे? शेजारच्या टेबलावर बँकेतल्या बाया जेवत होत्या, कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं. संडास स्वच्छ. साधनाला घरी आल्यावर सांगितलं तर ती म्हणाली, पुढच्या वेळी मलाही न्या.

तुला हे लिहायचं कारण म्हणजे त्यांची अकोल्याची शाखा तुझ्या संगम परमिट रूमच्या अगदी समोर निघणार आहे असं इथला वेटर सांगत होता. खरं का?

आणि देवमनचं लिही. माझा भाऊ मला फोनवर "बरा आहो" यापलीकडे काही सांगत नाही. जुलैत मी त्याला डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हा रिपोर्ट पाहून डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते, पूर्ण सोडली तर हा माणूस म्हातारा होईल, नाही सोडली तर मला विचारू नका. तो एकटा राहतो, बायको कधीच माहेरी गेली, आई गेली. आता त्याच्यावर नजर ठेवणारा तूच आहेस. तो आईच्याच पेल्यात घेतो ना? तेवढाच?

तुझा,
खुशाल


अकोला,
१९ सप्टेंबर २०२४

खुशाल मास्तर,
जय भीम.

खरं आहे. माह्या समोरच निघालं. गणपती उठले अन् दुसऱ्या दिवशी त्यायचे फुगे लागले. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून पाह्यलं. माहे अर्धे गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडं. जाताना माह्याकडं पाहून मान हलवत होते, जसं काही लग्नाले चालले.

तुले ते आवडलं, तुह्या नशिबानं. मले सांग, तिथं चटनी कोन वाटते? नागपूरहून पाकिटात येते. वेटर टी-शर्ट घालून फिरतात, हातात तो पाटीसारखा मोबाईल, महिन्याले नवे चेहरे. आज ज्यानं पाजली तो उद्या यवतमाळले. अशा ठिकानी मानसाले कोन सांभाळन? तू भूगोलाचा मास्तर, तुले नकाशा दिसते, मानूस दिसत नाई.

माह्या इथली रीत तुले ठाऊक आहे, तरी लिहितो, कारन तू आता मोठ्या हॉटेलात जाऊन राह्यला अन् विसरशील. मी स्वतः थेंब घेत नाई. पंचशील घेतलेल्या मानसानं हा धंदा करावा का, हे माही माय मरेपर्यंत इचारत होती. म्हनून मी एक गोष्ट केली. ज्या घरच्या बाईले वाटलं का आपला मानूस हाताबाहेर चालला, तिनं घरचा स्टीलचा पेला आनून माह्या काउंटरवर ठेवावा. त्या मानसाले त्याच पेल्यात, एकदाच. पेला रिकामा झाला का धुऊन फळीवर पालथा. मंग तो रडो, शिव्या देवो, मी देत नाई. पेल्यावर घरचं नाव कोरलेलं राह्यते. आपलंच नाव समोर असलं का मानूस जरा सरळ बसते.

तुही माय पार्वताबाई चांदूर बाजारहून एसटीनं आली होती पेला घेऊन. पदराखाली झाकून आनला होता. म्हने, "नागसेन, हा माह्या लग्नातला आहे. याच्यात भरन तेवढंच माह्या देवमनले." तवापासून तो पेला माह्या फळीवर आहे. देवमन सातले मोटरी गुंडाळायचं दुकान बंद करून येते, कोपऱ्यात बसते. त्यानं तोंड उघडायच्या आत पेला उतरते. मोटरीच्या वायरींनं काळे झालेले हात पुसून तो पेला धरते. एक पेला, अन् घरी. तुहा भाऊ जिता आहे तो या फळीमुळं. चौकटवाल्यायले म्हना असा एक पेला ठेवून दाखवा.

वहिनीले जय भीम सांग. अन् त्यायले बारमधी नेऊ नको.

नागसेन


अमरावती,
१० ऑक्टोबर २०२४

प्रिय नागसेन,
जय भीम.

तुझं पत्र साधनाला वाचून दाखवलं. ती शेवटच्या ओळीवर रागावली. आम्ही कालच जाऊन आलो आणि तिने तिथला पुलाव खाल्ला. तिला बारमध्ये बसून पुलाव खाता येतो हे आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर कळलं. तुझ्या संगममध्ये ती आली असती तर तूच उठून उभा राहिला असतास आणि म्हणाला असतास, वहिनी, तुम्ही इथे?

पेल्याची रीत मी विसरलेलो नाही. पण रागावणार नसशील तर एक विचारतो. तू त्या माणसांना कधी विचारलंस, रे? पेला बाया आणतात, फळी तुझी, आणि पिणाऱ्याने फक्त खाली मान घालून बसायचं. अख्ख्या बारला माहीत की हा पेलेवाला. गावात एखाद्याच्या कपाळावर एक गोष्ट लिहिली गेली की मग तो दुसरा कोणी होऊच शकत नाही. मी इथे जन्मभर सर आहे, ते मानाचं आहे, तरी कधी कधी ते मला जड होतं. पेला जड होत नसेल?

चौकटीत मला आवडतं ते हेच. दारातून आत गेलो की मी कोणीच नसतो. तुला ते थंड वाटतं. मला हलकं वाटतं. आपलं पटणार नाही, ठीक आहे.

मात्र देवमनच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूचा आहे, हेही लिहून ठेवतो. माझ्यासारख्याने एक मग घेऊन उठणं वेगळं. त्याला रस्त्याच्या तुझ्याच बाजूला ठेव.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. दोन-तीन महिने प्रवास बंद.

तुझा,
खुशाल


अकोला,
२४ नोव्हेंबर २०२४

खुशाल,

गुडघा कसा आहे ते मंग लिही. आधी हे वाच.

देवमन दिवाळीपासून माह्याकडं आला नाई. पहिले चार दिवस मले वाटलं तुह्याकडं गेला असन. मंग एका सांजेले पान खायले बाहेर निघालो तर समोर चौकटीच्या काचेतून तो दिसला. काचेजवळच्या टेबलावर एकटा बसला होता. समोर उंच काचेचा ग्लास. माह्याकडं पाह्यलं अन् नजर खाली घातली.

तवापासून रोज पाहून राह्यलो. सातले येते, नऊ वाजता उठते. दोन घंटे, खुशाल. माह्याकडं अर्ध्या घंट्यात पेला संपत होता. दोन घंटे मानूस काय करते तिथं? ग्लास संपला का टी-शर्टवाला दुसरा आनून ठेवते, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. कोन अडवन त्याले? त्यायले तर जास्त खपलं का शाबासकी भेटते.

अन् याच्यावर ऐक. निवडनुकीचे ड्राय डे होते. माहं शटर खाली, सगळ्या जिल्ह्यात बंद. चौकटीनं जेवनाचं हॉटेल म्हनून दार उघडं ठेवलं होतं. तिथं बी देवमन त्याच टेबलावर, तसाच ग्लास. म्हनजे आतून देऊन राह्यले ते, चोरून. ज्याले ड्राय डेले बी राहवत नाई, तो कुठवर गेला समज.

मी एकदा त्याले रस्त्यात धरलं. म्हनलं, "देवमन, पेला वाट पाहून राह्यला." तो म्हने, "पाहू दे." अन् चालला गेला.

माह्या फळीवर पार्वताबाईचा पेला पालथाच आहे. मी रोज पुसून ठेवतो. काय करू ते लिही. तू मोठा भाऊ आहे.

नागसेन


अमरावती,
२९ नोव्हेंबर २०२४

नागसेना,

तुझं पत्र आलं तेव्हापासून मले झोप नाही. पलंगावर पाय लांब करून पडलो आहे, उठता येत नाही. देवमनला तीनदा फोन केला. "बरा आहो दादा, जेवलो," म्हणतो आणि ठेवतो. जेवलो म्हणतो म्हणजे पिऊन आहे, मी त्याला ओळखतो. त्याने आईच्या तेराव्याला पण असंच म्हटलं होतं.

हे चौकटीचं कौतुक मीच तुला लिहून पाठवलं होतं. कोणी ओळखत नाही, हलकं वाटतं. गेलं ते सगळं चुलीत. मले माझा भाऊ पाहिजे.

तूच जा. आईचा पेला घे आणि रस्ता ओलांडून आत जा. त्यांच्या मॅनेजरच्या हातात पेला दे आणि सगळ्यांसमोर सांग की याला यातच द्यायचं, एकदाच, नाहीतर द्यायचं नाही. घरच्यांनी सांगितलं आहे म्हण. खुशालराव मास्तरांनी सांगितलं म्हण. लाजला तर लाजू दे. लाजेने कोणी मरत नाही.

लवकर जा.

खुशाल


अकोला,
८ डिसेंबर २०२४

खुशाल,

तू घाबरला का तुही शाळेतली भाषा पळते, हे पाहून बरं वाटलं अन् वाईट बी वाटलं.

गेलो होतो. तीस वर्षं धंदा केला, पन दुसऱ्याच्या बारमधी पाय ठेवायची पहिलीच वेळ. पेला पांढऱ्या रुमालात गुंडाळून नेला. आत गाने जोरात चालू होते, कानाच्या मशीनमधी नुसता घरघर आवाज, मले कोनाचं काही ऐकू येत नव्हतं. देवमन आपल्या टेबलावर. समोर उंच ग्लास, फेसाळलेला.

मी मॅनेजरले बोलावलं. रुमाल सोडला, पेला टेबलावर ठेवला, त्याच्या ग्लासाच्या बाजूले. अन् मोठ्यानं सांगतलं, कारन मले कमी ऐकू येते म्हनून मी मोठ्यानंच बोलतो. म्हनलं, "हा देवमन. याले दारूचं वेड आहे. याच्या मायनं हा पेला ठेवला आहे. याच्यातच द्या, एकदाच. जास्त दिली तर याचं लिव्हर जाईन अन् पाप तुमच्यावर." आजूबाजूच्या टेबलावरचे सगळे वळले. बाया होत्या, पोट्टे होते. मॅनेजर काहीतरी बोलून राह्यला, हात हलवून राह्यला, ग्लासाकडं बोट दाखवून राह्यला. काय म्हनत होता मले समजलं नाई. मले वाटलं भांडून राह्यला.

देवमन पेल्याकडं पाहत बसला. मंग उठला, खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, त्या मॅनेजरले हात जोडले अन् निघून गेला. माह्याकडं पाह्यलं बी नाई.

काम झालं असं म्हनायले पाह्यजे. त्या दिवसापासून तो चौकटीत दिसला नाई. पन माह्याकडं बी आला नाई. अन् ते हात जोडनं माह्या डोळ्यासमोरून जात नाई. ज्याले शिव्या द्यायच्या त्याले कोनी हात जोडते का? मले काहीतरी चुकल्यासारखं वाटून राह्यलं. तुले वाटते का?

पेला परत आनला. फळीवर ठेवला नाई, गल्ल्याजवळ ठेवला आहे.

नागसेन


अकोला,
१४ डिसेंबर २०२४

दादा,

मी कधी पत्र लिहीत नाई. फोनवर तू बोलू देत नाई, तूच आधी रडाले लागतो. म्हनून हे.

मी दिवाळीपासून घेतली नाई. एक थेंब नाई. चौकटीत मी निंबू सोडा पेत होतो. मीठ टाकून. एक संपला का दुसरा. ड्राय डेले बी सोडाच होता, तो कोनत्याच दिवशी बंद नसते.

तू इचारशील, सोडाच प्यायचा होता तर नागसेनभाऊकडं कावून नाई पेला. तेच सांगतो. नागसेनभाऊ लय चांगला मानूस आहे. मी जिता आहो तो त्याच्यामुळं, हे मी नाकारत नाई. पन त्याच्याकडं मी दारात पाय ठेवला का फळीवरून पेला उतरते. मी बसायच्या आधी भरून समोर. त्याच्यावर मायचं नाव. मी इतके वर्षं मायचं नाव वाचत वाचत पेलो, दादा. डॉक्टरनं सांगतलं त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो का आज नाई म्हनायचं. खुर्चीवर बसलो, तोंड उघडलं, तोवर पेला समोर. सगळे पाहून राह्यले का देवमनचा पेला आला. मी पेलो. दुसऱ्या दिवशी बी तसंच. जिथं सगळ्यायले ठाऊक आहे का तू कोन आहे, तिथं दुसरा मानूस कसा बनाचा?

भाऊबीजेले घरी कोनी नव्हतं. सातले पाय चालाले लागले, ते काही थांबत नाईत. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूले गेलो. नवा पोट्टा आला अन् म्हने, "सर, काय घेणार?"

दादा, मले किती वर्षात कोनी इचारलं नव्हतं का तू काय घेशीन. मी म्हनलं, निंबू सोडा. तो म्हने, गोड का खारा. बस. त्याले काही नवल वाटलं नाई. तो आनायले गेला अन् मी टेबलाखाली हात दाबून बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मंग रोज. तिथं मी सर होतो, तुह्यासारखा. निंबू सोडावाले सर.

आता त्यायले ठाऊक आहे मी कोन आहो. नागसेनभाऊनं सगळ्यायले सांगतलं, अन् त्याले तू सांगतलं. मॅनेजर बिचारा म्हनत होता का काका, हे सर तर सोडाच घेतात, पन भाऊले ऐकू आलं नाई. दुसऱ्या दिवशी मी दारापर्यंत गेलो होतो. आतला पोट्टा माह्याकडं पाहून हळूच दुसऱ्याले काहीतरी बोलला. मी मागं फिरलो.

मी पेलो नाई अजून. पन सात रोजच वाजतात. संगममधी गेलो तर पेला, चौकटीत गेलो तर तो पेला आठवन त्यायले. घरी बसलो तर भिंती. मी कुठं जाऊ ते सांग. तू मास्तर आहे, मोठा आहे, सांग.

वहिनीले नमस्कार.

देवमन


अमरावती,
२० डिसेंबर २०२४

प्रिय नागसेन,

सोबत देवमनचं पत्र पाठवतो आहे. वाच आणि जपून ठेव.

तू विचारलं होतंस, काहीतरी चुकल्यासारखं वाटतं का. वाटतं. तू फक्त माझं ऐकलंस, त्यामुळे स्वतःला फार बोल लावू नको. मी इथे बसून चौकटीचं तत्त्वज्ञान लिहीत होतो, माणसाला कोणी न ओळखणं हवं असतं म्हणून, आणि माझ्या भावाला तेच हवं होतं तेव्हा मी तुला पेला देऊन पाठवलं.

मी त्याला उत्तर लिहायला चार वेळा बसलो. "कुठे जाऊ" याचं उत्तर मला येत नाही. माझ्याकडे ये, असं लिहिलं आणि फाडलं. माझ्याकडे तर तो सगळ्यात जास्त ओळखीचा. शेवटी एवढंच लिहिलं की मला माफ कर आणि पिऊ नको. पोस्टात टाकल्यावर वाटलं, हेही नसतं लिहिलं तर बरं झालं असतं.

तो पितो का, एवढं फक्त पाहत जा. लांबून. त्याला हाक मारू नको.

खुशाल


अकोला,
२ फेब्रुवारी २०२५

खुशाल,
जय भीम.

देवमनचं पत्र वाचलं अन् महिनाभर मले पेन धरवलं नाई. मले वाटत होतं मी मानसं सांभाळून राह्यलो. इतक्या वर्षात मी त्याले एकदा बी इचारलं नाई का बाप्पा, आज काय घेतो.

त्याच्या दुकानात गेलो होतो. म्हनलं, देवमन, माहं चुकलं. तो मोटरीत वायर भरत होता. म्हने, "भाऊ, तुमी चांगल्यासाठीच केलं." एवढंच. मान वर केली नाई. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन जेवलो असतो.

मंग मी फळीवरचे सगळे पेले खाली काढले. पिशवीत भरले अन् ज्याच्या त्याच्या घरी वापस द्यायले निघालो. दोन घरी दिले, त्यायनं घेतले. तिसरं घर गोदाबाईचं. तिनं पेला पाह्यला अन् पिशवी धरून भांडाले उठली. "परत कावून आनला? माह्या लेकरायचा बाप या पेल्यामुळं सांजेले घरी येते. त्या समोरच्या हॉटेलात त्याले पाजून पाजून मारतील. ठेव वापस." तिचं बी खोटं नाई, खुशाल. ज्याले स्वतःले थांबता येत नाई त्याले कोनीतरी थांबवाच लागते. मी तिचा पेला वापस आनून फळीवर ठेवला. पन आता तो मानूस येते तवा मी आधी इचारतो. तो पेलाच मागते. मागू दे.

देवमन पेत नाई. लांबूनच पाहून राह्यलो, तू सांगतलं तसं. सातले तो दुकानाचं शटर आतून ओढून घेते, खालून उजेड दिसते, मोटर गुंडाळायचा आवाज येत असन, मले काही ऐकू येत नाई. साडेनऊले बाहेर येते अन् घरी जाते. बुधवारी मातर दुकान बंद ठेवते अन् दुपारीच एसटी स्टँडकडं जाते. उशिरा वापस येते. पाय सरळ पडतात त्याचे. कुठं जाते मी इचारलं नाई.

पार्वताबाईचा पेला तुह्याकडं पाठवून राह्यलो, शेजारच्या फारुखचा पोरगा अमरावतीले येते त्याच्या हातानं. माह्याकडं तो आता कोनत्याच जागेवर ठेवता येत नाई.

नागसेन


अमरावती,
१३ मार्च २०२५

प्रिय नागसेन,
जय भीम.

पेला मिळाला. साधनाने चिंचेने घासला आणि पाण्याच्या माठावर ठेवला. मी त्याने पाणी पितो. आईचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं.

बुधवारी देवमन कुठे जातो ते मला कळलं आहे. तुला सांगतो, पण तू कोणाला सांगू नको, त्याला तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली तेव्हा मी पहिल्यांदा राजापेठेतल्या चौकटीतच गेलो. फारसं मन नव्हतं, पण घरात बसून कंटाळलो होतो. कोपऱ्यातलं टेबल धरलं. पाचच्या सुमारास दार उघडलं आणि देवमन आत आला. अकोल्याहून अमरावती, एसटीने, एवढ्यासाठी. मी जागेवर थिजलो. तो दारातच थांबून खुर्च्यांकडे पाहत होता. तशाच खुर्च्या, तोच मेनू, तसाच भिंतीचा रंग, त्याच्या ओळखीचं सगळं, फक्त त्याला ओळखणारं कोणी नाही. तू म्हणाला होतास ना की सगळीकडे तेच ते असलेल्या ठिकाणात माणूस कसा सांभाळला जाईल. मला वाटतं, त्याला तेच ते हवं होतं, फक्त दुसऱ्या गावात.

मग त्याला मी दिसलो. नागसेन, त्याचा चेहरा असा पडला की मला आईच्या तेराव्याचा देवमन आठवला. तो परत फिरणार होता. मला उठून त्याला मिठी मारायची होती. बोलायचं होतं, रिपोर्ट विचारायचा होता, घरी जेवायला चल म्हणायचं होतं. मी काही केलं नाही. मेनूचं कार्ड उचललं आणि अनोळखी माणसाकडून नजर काढावी तशी त्याच्यावरून काढून घेतली. तो बराच वेळ उभा राहिला. मग खिडकीजवळ जाऊन बसला. मी वर पाहिलं नाही. ऐकलं मात्र. वेटरने विचारलं, काय घेणार, आणि तो म्हणाला, निंबू सोडा, खारा.

तेव्हापासून दर बुधवारी मी जातो. मी माझ्या टेबलावर, तो त्याच्या. मी आता बिअर घेत नाही, कॉफी घेतो. आम्ही बोलत नाही. सातची एसटी पकडून तो जातो. साधना म्हणते, सख्खे भाऊ असून हे काय चालवलं आहे. तिला समजावून सांगता येत नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी त्याला ओळखून पाहिलं, मी एकदा न ओळखून पाहतो आहे.

तिथले वेटर महिन्याला बदलतात, असं तू चिडून लिहिलं होतंस. मी आता त्याच आशेवर आहे. अकोल्याचे सगळे कधीतरी बदलतील आणि मग त्याला इतका प्रवास करावा लागणार नाही. तुझ्या दारातून ते दिसलं तर मला कळव. आणि तो रस्ता ओलांडताना दिसला, तर तू आत जा आणि पान लाव.

काल इथे नवा वेटर होता. माझी कॉफी ठेवताना वाकून हळूच म्हणाला, "काका, ते खिडकीजवळचे मघापासून तुमच्याकडे पाहतात. ओळखीचे आहेत का?"

मी म्हणालो, "नाही. आज पहिल्यांदाच पाहिलं."

देवमनने ते ऐकलं असावं. तो हसला नाही, पण खुर्ची थोडी माझ्या बाजूला वळवून बसला.

तुझा,
खुशाल